पोटातलं बिऱ्हाड आणि हृदयाचं दुखणं

 

वाळवणाचे दिवस सुरू झालेत. गच्चीवर कुरडया, अंगणात सांडगे, आणि आमच्या गटाच्या शेडमध्ये पापडाची लाटणी. अशाच दिवसांत मागल्या वर्षी जे घडलं, तिथूनच आज सुरुवात करतो. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या काकूंनीच आम्हाला सांगितलंय, ‘माझं नाव नका घेऊ, पण सांगा.’

काकूंचं वय 52. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी आमच्यासोबत पाच किलोचे पापड लाटले. संध्याकाळी छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला दाटल्यासारखं व्हायला लागलं. मळमळ, घाम. दिवस उन्हाळ्याचे, घामाचं कुणाला काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, ‘गॅस झालाय गं.’ आम्हीही तेच म्हणालो. कुणी ओवा दिला, कुणी लिंबू-सोडा दिला. जबडा दुखतोय म्हणाल्या, तर आम्ही म्हटलं दाढेचं असेल. पहाटे चारला धाप लागली, तेव्हा कुठे 108 ला फोन गेला. दवाखान्यात ईसीजी काढला आणि कळलं, हृदयविकाराचा झटका आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून स्टेंट बसला. काकू वाचल्या. पण डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणलं असतं तर हृदयाचा जो भाग दुबळा झाला तो वाचला असता.

इथवर ही चूक म्हणजे अडाणीपण म्हणा. पुढची चूक मात्र आमच्या वहीत लिहिलेली आहे.

सात महिन्यांनी आमच्याच गटाच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला. आमच्यातल्याच एकीने पुढे पाठवलेला. ‘सगळे आजार पोटातून येतात. आतड्यातले जंतू साफ केले की रक्तवाहिन्या आपोआप मोकळ्या होतात. बीपीच्या गोळ्यांची गरज नाही.’ सोबत एका चूर्णाच्या डब्याचं चित्र. काकूंनी गटाकडे 3,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं, कारण लिहिलं ‘औषधोपचार’. आम्ही एका मिनिटात मंजूर केलं. त्यातून दोन डबे आले. चूर्ण सुरू, गोळ्या बंद. अठराव्या दिवशी आशाताई सहज घरी गेल्या, त्यांनी बीपी मोजलं, तर वरचा आकडा 186. आशाताईंनी त्यांना तिथूनच गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून निभावलं. ठरावावर आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत.

त्यानंतर आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना दोन मासिक बैठकांना बोलावलं. आमचा पहिला प्रश्न होता, तो संदेश साफ खोटा होता का? त्या म्हणाल्या, ‘नाही, त्यात चिमूटभर खरं होतं. म्हणून तर तो खपला.’ ते चिमूटभर खरं काय, ते आज तुम्हाला सांगायचंय.

आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंचं एक मोठं बिऱ्हाड आहे. किती मोठं? आपल्या अंगात जेवढ्या पेशी, साधारण तेवढेच हे जिवाणू. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पाव किलोच्या आतच. आईच्या पोटातून बाहेर पडताना, दूध पिताना, मातीत खेळताना ते आपल्याकडे राहायला येतात आणि मरेपर्यंत राहतात. आपण जेवतो, त्यातलं जे आपल्याला पचतं ते वरच्यावर लहान आतड्यात शोषून घेतलं जातं. जे उरतं ते खाली जातं. म्हणजे या बिऱ्हाडाचं जेवण कुठलं, तर आपलं उरलेलं. घरात शेवटी जेवायला बसणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता हे जिवाणू खाऊन गप्प बसत नाहीत. खाल्लेल्याचं ते दुसरं काहीतरी बनवतात आणि ते आपल्या रक्तात उतरतं. काय बनवतात, हे त्यांना खायला काय मिळालं यावर ठरतं.

एक उदाहरण. मटण, अंड्याचा बलक यांत कोलीन आणि कार्निटीन नावाची द्रव्यं असतात. ती जिवाणूंना मिळाली की ते त्यापासून ट्रायमिथाइलअमीन नावाचा वायू करतात. नाव अवघड आहे, पण वास तुमच्या ओळखीचा आहे. आठवडी बाजारात शिळ्या मासळीच्या पाटीजवळून जाताना आपण पदर नाकाला लावतो ना, तोच तो वास. हा वायू रक्तातून यकृतात जातो. मटणात आपण ज्याला काळीज म्हणतो, ते यकृत. तिथे त्याचं टीएमएओ नावाचं द्रव्य होतं. वास जातो, पण ते द्रव्य रक्तात फिरत राहतं. ते जास्त झालं तर रक्तातल्या गुठळी करणाऱ्या कणांना चिकटपणा येतो, असं 2016 साली दिसून आलं. रक्तवाहिनीत चरबीचा थर आधीच बसलेला असेल आणि तिथे गुठळी अडकली, की झटका.

हे शोधलं अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉ. स्टॅनली हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2013 साली त्यांनी धडधाकट माणसांना दोन-दोन उकडलेली अंडी खायला दिली. काही तासांत रक्तात टीएमएओ वाढलं. मग त्यांना आठवडाभर अँटिबायोटिक गोळ्या देऊन पोटातले जिवाणू कमी केले आणि पुन्हा अंडी दिली. या खेपेला जवळजवळ काहीच वाढलं नाही. अंडी तीच, माणसं तीच, फक्त बिऱ्हाड नव्हतं. गोळ्या थांबवल्या, महिना उलटून गेला, जिवाणू परतले आणि अंड्यांनंतर टीएमएओ पुन्हा वाढू लागलं. त्याच वेळी त्यांनी हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या 4,007 रुग्णांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. रक्तात टीएमएओ जास्त असलेल्यांत झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं.

त्यांनीच केलेली आणखी एक गंमत. वर्षानुवर्षं मांस, दूध, अंडी काहीच न खाणाऱ्या एका माणसाला त्यांनी मांसाचा मोठा तुकडा खायला लावला. त्याच्या रक्तात टीएमएओ फारसं झालंच नाही. रोज मांस खाणाऱ्याच्या रक्तात मात्र भरपूर. पाहुणा एकदाच आला तर त्याच्या आवडीचं घरात शिजत नाही, तसंच हे. रोज जे मिळतं ते खाणारे जिवाणूच पोटात वाढतात.

हे ऐकल्यावर बैठकीत दोन आवाज उठले. एक, ‘मग अँटिबायोटिकनं जंतूच मारून टाकू की.’ डॉक्टर मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, असं कुठे केलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी. त्या गोळ्यांनी चांगलेही जिवाणू मरतात, वाईट असतात ते परत येतात, आणि पुढे खऱ्या आजारात त्या गोळ्या लागू पडत नाहीत. मेडिकलवाल्याकडून दोन-दोन गोळ्या सुट्या आणून खायची आपली सवय आहे, तिच्यावर त्या बराच वेळ बोलल्या.

दुसरा आवाज, ‘मग अंडी बंद?’ नाही, आणि यावर आमचं मत ठाम आहे. 2019 साली टीएमएओ किती वाढतं हे पाहताना 113 लोकांना महिनाभर रोज साधारण पाव किलो लाल मांस होईल इतकं दिलं होतं. ते सरासरी तिपटीवर गेलं आणि मांस थांबवल्यावर महिन्याभरात खाली आलं. रोज पाव किलो! आपल्याकडे मटण यात्रेला नाहीतर एखाद्या रविवारी, आणि बाईच्या ताटात रस्सा आणि दोन फोडी. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांनी अंडं सोडायचं काही कारण नाही. शिवाय मासळीत टीएमएओ तयारच असतं, तरी मासे खाणाऱ्यांचं हृदय बिघडतं असं दिसत नाही. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांच्या रक्तातही ते साठतं. म्हणून टीएमएओ हेच मूळ कारण की आजाराची खूण, यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहे. चूर्णवाला मात्र छातीठोक सांगतो.

तर आपल्यासाठी धडा मटणात नाही. तो आहे भाकरीत आणि मिठात.

भाकरीचं आधी. आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याला तर ज्वारीचं कोठार म्हणतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, बाजरीत सुमारे 11. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही आत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, म्हणजे ते थेट खालच्या बिऱ्हाडाला पोचतात. त्यांवर जगणारे जिवाणू काही सौम्य आम्लं तयार करतात. त्यातल्या एकावर आपल्या मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. अस्तर धड असलं की आतली घाण रक्तात झिरपत नाही, अंगात आतल्या आत सूज धुमसत राहत नाही. ही धुमसती सूजच रक्तवाहिन्यांना पोखरत असते. आणि तंतू मिळालेच नाहीत तर? उंदरांवर पाहिलंय, उपाशी जिवाणू आतड्यावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. भाडेकरूला उपाशी ठेवलं तर तो घराचे वासे मोडून जाळणारच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला रोज किमान 25 ग्रॅम तंतू आणि 400 ग्रॅम फळं-भाज्या हव्यात. आम्ही आपापल्या घरातलं एका दिवसाचं खाणं वहीत मांडलं. सकाळी चहा आणि टोस्ट नाहीतर खारी, दुपारी रेशनच्या तांदळाचा भात आणि पातळ आमटी, पोरांना पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, रात्री चपाती. चपातीला नावं ठेवू नका, कोंड्यासकट गव्हाच्या पिठात ज्वारीइतकेच तंतू असतात. आपण ते बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा म्हशीला घालतो. म्हशीचं बिऱ्हाड खूश.

भाकरीवर बैठकीत खरी खडाजंगी झाली. एक सून म्हणाली, ‘ताई, आठ माणसांच्या भाकऱ्या थापायला तुम्ही येता का? चपात्या पटापट होतात, आणि मालकांना मऊ लागतं.’ तिचं खोटं नाही. भाकरी खा म्हणायला काय, थापणारे हात बाईचेच. म्हणून आम्ही भाकरीचा हट्ट धरला नाही. चाळणी बदलायची किंवा चाळायचंच नाही, हे आधी ठरलं. मग आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, भातात डाळ जास्त. मेथी, शेपू, घोळ, तांदुळजा, जी रानात मिळते ती पालेभाजी. एक सूचना, एकदम वाढवू नका. जिवाणूंना नवं खाणं अंगवळणी पडायला वेळ लागतो, तोवर पोट फुगतं. हुलगे, मटकी रात्रभर भिजवा, पाणी भरपूर प्या, महिनाभरात हळूहळू वाढवा.

ताकाबद्दलही विचारणा झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2021 साली 36 जणांवर अभ्यास झाला. दहा आठवडे रोज दही आणि इतर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. आपल्या घरचं ताक त्याच जातकुळीचं. पण कढी उकळली की जिवाणू मेले. आंबील आंबवून मग शिजवतो, तीही तशीच. चव राहते, पोषण राहतं, जिवंत जिवाणू राहत नाहीत. म्हणून कढी सोडू नका, पण ताजं ताकही घ्या, बिनमिठाचं किंवा अगदी कमी मिठाचं.

आणि हे मीठच आमच्या गळ्यात अडकलेलं हाडूक आहे.

मिठाने बीपी वाढतं हे जुनंच. पण 2017 साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की जास्त मीठ दिल्यावर उंदरांच्या पोटातले लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू कमी झाले आणि बीपी चढलं. हे दह्या-ताकात असतात त्या कुळातले जिवाणू. मग 12 पुरुषांना दोन आठवडे रोज 6 ग्रॅम जादा मीठ दिलं, तर त्यांचंही बीपी वाढलं आणि बहुतेकांच्या पोटातून ते जिवाणू गेले. बारा माणसं म्हणजे थोडीच, पण मीठ कमी करायला आपल्याला आणखी पुरावा कशाला हवा?

माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक चहाचा चमचा, एवढंच मीठ असावं. यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण सगळं आलं. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. आम्ही हिशेब साधा केला. मिठाची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची आणि संपली की पुन्हा तारीख लिहायची. एका घरात किलोची पुडी 19 दिवसांत संपली, माणसं चार. ते घर आमच्या अध्यक्षांचं.

मग कुणीतरी हळूच विचारलं, आपल्या पापडाचं काय? आमच्या गटाच्या पापडात किलो उडीद डाळीच्या पिठाला 70 ग्रॅम मीठ जायचं, वर पापडखार वेगळा. तोही सोडियमचाच. किलोत साधारण शंभर पापड होतात. म्हणजे दोन पापड खाल्ले की दीड ग्रॅमच्या जवळ मीठ फक्त त्यातूनच गेलं, खार धरलाच नाही. पापड हे आमचं पोट आहे. गटातल्या अकरा जणींच्या घरात त्यातून पैसा येतो, पोरींच्या कॉलेजच्या फिया त्यातून जातात. एक जण रागाने उठून गेली, ‘उद्या म्हणाल पापडच विषारी.’ तसं कुणी म्हणत नव्हतं. रोज दोन खाणं वेगळं, सणाला खाणं वेगळं. पण काकूंच्या ताटात आमचाच पापड रोज असायचा, हेही खरं.

या हंगामात आम्ही एक घाणी 50 ग्रॅम मिठाची केली, मिरी-जिरं वाढवून. लाटायला थोडं अवघड गेलं. एका दुकानदाराने ‘अळणी आहे’ म्हणून पुडे परत केले. दुसऱ्याने ठेवून घेतले आणि परवा आणखी वीस पुडे मागवले. बघू.

मिश्रीबद्दल दोनच वाक्यं, कारण यावर ऐकून घ्यायला कुणाला आवडत नाही. ती तंबाखू आहे, तंबाखू हृदयाची वैरीण आहे, आणि मिश्री लावून वर ताक प्यायल्याने हिशेब फिटत नाही.

हिशेब खाण्याने गोळ्यांचाही फिटत नाही. पोटातल्या बिऱ्हाडाची निगा राखणं हे रोजचं काम, गोळी हे डॉक्टरांनी दिलेलं काम. उलट काही वेळा हे जिवाणू गोळीतही हात घालतात. डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं एक जुनं औषध आहे. काही जणांच्या पोटातला एक जिवाणू ते निकामी करून टाकतो, त्यामुळे एकाला लागू पडणारी मात्रा दुसऱ्याला कमी पडू शकते. म्हणूनच शेजारणीच्या गोळीवर किंवा तिच्या अनुभवावर आपलं औषध ठरवायचं नसतं. चूर्ण, काढा, जे काही घेता ते डॉक्टरांना दाखवा. रागावतील, पण दाखवा.

आणि गॅसचं लक्षात ठेवा. आपल्या देशात होणाऱ्या दर चार मृत्यूंपैकी साधारण एक हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो. बायकांच्या बाबतीत छातीत कळ येईलच असं नाही. पोटाच्या वरच्या भागात दाटणं, जबडा, पाठ, खांदा किंवा हात दुखणं, मळमळ, गार घाम, काही न करता लागलेली धाप, विचित्र थकवा. यातलं काही अचानक सुरू झालं आणि थांबेना, तर ओवा शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि ईसीजी काढायला सांगा. गॅस निघाला तर हसत घरी या.

आमच्या गटाने आता एक नियम केलाय. ‘औषधोपचार’ म्हणून कर्ज मागितलं तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची. चिठ्ठी नसेल तर आशाताईंना विचारायचं. काकूंच्या 3,000 मधले 1,200 फिटलेत. त्या रोज गोळ्या घेतात. जड काम बंद आहे, म्हणून पापड मोजून पुडे बांधायचं काम त्यांच्याकडे दिलंय, आणि कमी मिठाच्या घाणीचे पुडे त्या वेगळ्या ओळीत लावतात.

मिठाच्या पुडीवर तारीख लिहा आणि पुढच्या गुरुवारी आम्हाला केंद्रावर फोन करून सांगा, तुमची पुडी किती दिवस पुरली. घरात माणसं किती, तेही सांगा. नमस्कार.